रंगदृष्टिदोष व वैमानिकाचा व्यवसाय

रंगदृष्टिदोष म्हणजे दृष्टिपटलातील शंकुपेशींच्या उणिवेमुळे काही रंगांमधला फरक न कळणे. रंगांधळेपणा हा रूढ शब्द फसवा आहे. दोष असलेल्या बहुतेकांना रंग दिसतात. फक्त लाल, हिरवा, तपकिरी यांच्या काही छटा एकमेकींत मिसळतात. हा लाल-हिरवा दोष आईकडून मिळणाऱ्या क्ष गुणसूत्रावरून मुलांत उतरतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे.

विमान उतरवताना रंगावर भिस्त ठेवावी लागते. धावपट्टीशेजारच्या 'पापी' दिव्यांच्या रांगेत दोन पांढरे व दोन लाल दिसले, की उतरणीचा कोन बरोबर. चारही लाल दिसले, तर विमान फार खाली आलेले असते. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील टॅलाहॅसी येथे फेडेक्सचे बोइंग ७२७ पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळले. तिघेही कर्मचारी बचावले. चौकशीत थकव्याबरोबरच सहवैमानिकाचा रंगदृष्टिदोषही कारणांमध्ये नोंदवला गेला. त्यामुळे वैमानिकाला रंग नीट ओळखता आले पाहिजेत, ही अट निव्वळ कागदी म्हणता येत नाही.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ठिपक्यांची पाने. एका पानावर इतरांना ७४ दिसतो, तिथे लाल-हिरवा दोष असलेला २१ वाचतो. ही पाने दोष अचूक पकडतात, पण तो कामात किती आड येईल हे सांगत नाहीत; आणि उमेदवाराचे भवितव्य खरे तर याच प्रश्नावर ठरायला हवे. आंतरराष्ट्रीय नियमही पानांत नापास झालेल्याला विमानवाहतुकीतले रंगीत दिवे बिनचूक ओळखून दाखवण्याची संधी देतो. लंडनच्या सिटी विद्यापीठात विकसित झालेली 'कॅड' ही संगणकीय चाचणी दोषाची तीव्रता मोजते. २००९ च्या ब्रिटिश अहवालाने तिच्या मर्यादा ठरवल्या, तेव्हा दोष असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश उमेदवार उड्डाणास सुरक्षित ठरतील असे दिसले. ऑस्ट्रेलियात त्याआधीच, १९८९ मध्ये, डेनिसन खटल्यात न्यायाधिकरणाने वैमानिकाच्या बाजूने निकाल दिला होता. अमेरिकेने २०२५ पासून नव्या उमेदवारांसाठी संगणकीय चाचण्या लागू केल्या.

भारतात व्यावसायिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे वर्ग १ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. सुरुवात वर्ग २ च्या तपासणीने होते. घरच्यांनी कर्ज काढून उड्डाण प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरण्यापूर्वीच दृष्टी तपासून घेणे शहाणपणाचे. दोष जन्मजात असल्याने औषधाने बरा होत नाही, आणि रंगीत भिंगांचा चष्मा लावून चाचणी देता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सर्व चाचण्यांत नापास झालेल्याला वर्ग २ मिळू शकतो, पण तो फक्त दिवसाच्या उड्डाणापुरता. प्रवासी कंपनीची नोकरी त्यावर मिळत नाही.