'मेंदू आकसला' म्हणजे स्मृतिभ्रंशच झाला का? आईवडिलांच्या एमआरआय रिपोर्टमधले शब्द समजून घ्या

सावद्याहून जळगावला जाऊन वडिलांचा एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी' असं दिसलं, की मुलं लगेच मोबाइलवर शोधतात. समोर येतो 'अल्झायमर', आणि घरात रडारड सुरू होते. पण या तीन शब्दांवरून स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही.

अ‍ॅट्रॉफी म्हणजे आकसणं. वयानुसार मेंदू थोडाफार आकसतोच, म्हणून अनेक रिपोर्टांत पुढे 'एज रिलेटेड' लिहिलेलं असतं. 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेच्या खुणा. वयासोबत बीपी, डायबेटिस आणि तंबाखू ही त्यामागची नेहमीची कारणं. 'फाझेकास' ग्रेड ० ते ३ असते. उतारवयात १ सर्रास दिसते, ३ मात्र गांभीर्याने घ्यायची. 'लॅक्युनर इन्फार्क्ट' म्हणजे छोटा स्ट्रोक. तो कधी येऊन गेला, हे पुष्कळदा घरच्यांना कळलेलंही नसतं.

रिपोर्टच्या शेवटी बहुतेकदा 'क्लिनिकल कोरिलेशन' असं लिहिलेलं असतं, आणि नेमकी तीच ओळ कोणी वाचत नाही. अर्थ साधा आहे: रेडिओलॉजिस्टने चित्र पाहिलंय, माणूस नाही. तो तुम्ही पाहताय. केळीच्या प्रत्येक गाडीचा हिशेब ज्यांच्या तोंडावर असायचा, ते आता व्यापाऱ्याने पैसे दिले का, हे दिवसातून चारदा विचारतात का? नाव विसरून नंतर आठवणं हे वयाचं. स्वतःच्या शेताची वाट चुकणं वयाचं नाही.

मग स्कॅन कशाला? मुख्यतः उपचार होऊ शकतील अशी कारणं सुटू नयेत म्हणून. घसरून पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेलं रक्त, म्हणजे सबड्युरल हिमॅटोमा, गरज पडल्यास ऑपरेशनने काढता येतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसरभोळेपणा असं एकत्र असेल, तर मेंदूत पाणी साचलंय का ते पाहतात.

काही कारणं स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. त्यासाठी बी-१२, थायरॉइड, सोडियम या रक्ततपासण्या. शाकाहारी माणसात, त्यातही वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात, बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. नैराश्य आणि कमी ऐकू येणं यांनीही माणूस हरवल्यासारखा वाटतो.

एक-दोन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं, तर तो सहसा स्मृतिभ्रंश नसतो. ताप, लघवीचा संसर्ग, नवीन गोळी किंवा आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात शरीरातलं पाणी कमी होणं, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तासही घालवू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडीही न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, झोपेच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. आणि कोणता बदल कोणत्या महिन्यापासून दिसला, ते लिहून ठेवा. आईला विचारा, तिला तो बहुधा आधी कळलेला असतो.