महाडचे तळे : सांगणारे आणि ऐकणारे

स्मरणिकेच्या पानांत आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, वसतिगृहाचा वृत्तांत आणि गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असावी, हे रीतीस धरूनच आहे. यंदा महाडच्या चवदार तळ्यावर लिहावे असा आमचा मानस कळताच दोन-तीन स्नेही सभासदांनी विचारले की, हा विषय आपल्या ज्ञातीचा कसा? प्रश्न प्रांजळ होता. त्याचे उत्तर आम्ही पुढील हकिगतीतूनच देऊ इच्छितो. शाळेच्या पुस्तकात महाडच्या वाट्यास बहुधा एकच परिच्छेद येतो. त्यात तळे असते आणि सत्याग्रह असतो. तेथे कोण कोणाचे ऐकावयास गेले आणि कोणी ऐकण्याचे नाकारले, हे मात्र त्यात नसते.

सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड हे जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील व्यापारी गाव. त्याच्या जवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झाले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. तीत शिव्याशाप नाहीत. उच्चवर्णीयांस विनंतीपूर्वक विचारलेले प्रश्न आहेत. अस्पृश्यतेस आधार कोणता, तो कोणी घातला, एवढेच त्या वृद्ध शिपायास जाणून घ्यावयाचे होते. प्रश्न विचारणारा मनुष्य समोरच्यास उत्तर देण्याच्या योग्यतेचा मानतो. हा त्याने केलेला आदरच होय. पुढे १८९५ मध्ये सरकारने त्यांस महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यासच इतर सभासदांकडून विरोध झाला. १९०० साली गोपाळबाबा निवर्तले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा सरकारी व्यवस्थेखालील विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. तो मांडणारे सीताराम केशव बोले हे भंडारी ज्ञातीचे मान्य पुढारी होते. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. बोले यांनी स्वज्ञातीची सेवा आयुष्यभर केली. परंतु त्या सेवेमुळे दुसऱ्याचे दुःख कानी येऊ नये, असे त्यांनी मानले नाही.

जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याच अन्वये आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. कागदी ठरावांचे हे नशीब आम्हा सभासंमेलनवाल्यांच्या परिचयाचे आहे. ज्या पालिका असे ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव बोले यांस १९२६ मध्ये आणावा लागला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषदेमागे ज्यांची खटपट होती त्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण कार्यकर्ते प्रमुख होते. महाडच्याच इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला असता त्यांनी विद्यार्थीवयातच वृत्तपत्रातून दाद मागितली होती. त्यांच्या जोडीस महाड पालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य मानल्या गेलेल्या ज्ञातींतील गृहस्थ होते. हे गृहस्थ परिषदेस उपदेश करण्याकरिता आले नव्हते, मांडव, पत्रव्यवहार आणि माणसे जमविणे या कष्टांत ते वाटेकरी होते, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

या परिषदेच्या जमाखर्चातील एक रक्कम आम्ही वाचली तेव्हा पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. जमलेल्या मंडळींस पिण्यासाठी पाणी चाळीस रुपयांस विकत घ्यावे लागले. तळे गावात भरलेले होते आणि ते त्यांस खुले असल्याचा ठराव दप्तरात होता.

दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, पालिकेचा ठराव आपण आताच अमलात आणू या. सर्व लोक शिस्तीने निघाले, तळ्यावर गेले. प्रथम डॉ. आंबेडकर आणि मागोमाग इतर ते पाणी प्याले व शांतपणे परत फिरले. त्यानंतर गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. खरे काय हे मांडवात येऊन विचारण्यास फार वेळ लागला नसता. परंतु ऐकून घेणे निराळे आणि ऐकीव वार्तेवर धावणे निराळे. जमाव मंडपावर चालून गेला. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेस लागलेल्या लोकांस मारहाण झाली. कित्येकांस मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आश्रय दिला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांस हात उचलू दिला नाही. पुढे १०८ घागरी पंचगव्य वगैरे ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. जून महिन्यात दंगलखोरांपैकी पाच जणांस चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

अशा वेळी मनुष्याचे कान बंद होतात. ज्यांनी मारले त्यांच्या सगळ्या ज्ञातीवर राग धरणे सोपे असते. त्याच सुमारास ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहास पाठिंबा देऊ केला; अट एवढीच की, त्यात ब्राह्मणांस घेऊ नये. पाठिंब्याची गरज मोठी होती. तरी डॉ. आंबेडकरांनी ती अट मान्य केली नाही. आपले वैर ब्राह्मण जातीशी नसून ब्राह्मण्याशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. मार खाल्ल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत ही भूमिका घेणे किती कठीण असेल, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

डिसेंबरात परिषद पुन्हा भरावयाची ठरली, तेव्हा मंडपास जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. दरम्यान विरुद्ध पक्षाने दिवाणी न्यायालयात जाऊन १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव आला. तो मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते आणि अनुमोदन देणारे पां. ना. राजभोज. या दहनाविषयी आपल्या वडीलधाऱ्यांत मतभेद होते व आजही असतील. परंतु तो ठराव कोणाच्या मुखातून आला, हे त्या मतभेदात सहसा विसरले जाते.

तळ्यावर जावे की न जावे, हा खरा पेच होता. जमलेल्या हजारो लोकांचा कल जाण्याकडे होता आणि त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली होती. कलेक्टरने मंडपात येऊन न्यायालयाच्या हुकमाचा मान राखण्याची विनंती केली. लोकांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले. मग आपसांत वाद झाला. अनुकूल-प्रतिकूल सर्वांस बोलू देण्यात आले. शेवटी अध्यक्षांनी समजूत घातल्यावर सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत आली आणि पाण्यास कोणीही स्पर्श केला नाही. आमच्या ज्ञातिसभेच्या वार्षिक बैठकीत वसतिगृहाच्या रंगकामावरूनही अध्यक्षांस दोनदा घंटा वाजवावी लागते, हे स्मरून आम्हांस त्या तहानलेल्या सभेचे मोठेपण अधिकच जाणवते.

दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांस तळ्यावर मज्जाव करण्याची अनादिकालापासूनची वहिवाट वादींस शाबीत करता आलेली नाही. न्यायाधीशांपैकी एक ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींस शिक्षा देणारे तेच. म्हणजे गोपाळबाबांनी १८८८ साली विचारले होते, आधार कोणता? त्या प्रश्नास सरकारी शिक्क्याचे उत्तर मिळण्यास एकोणपन्नास वर्षे लागली.

डिसेंबरच्या परिषदेतील एक हकीकत सांगावयाची राहिली. डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांशी स्वतंत्र भाषण केले. अंगावरील ज्या वेषाने व दागिन्यांनी आपण अस्पृश्य म्हणून ओळखल्या जातो, ती खूण टाकून द्या, लुगडे पायघोळ नेसा, मुलींस शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. त्या स्त्रियांस तसे नेसण्याची सवय नव्हती. टिपणीस व चित्रे यांच्या घरच्या स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या हातांनी त्यांस लुगडी नेसविली. ज्या हातांस स्पर्शाने विटाळ होतो असे शिकविले गेले होते, तेच हे हात. निऱ्या कशा घालाव्यात हे एकीने दाखवावे, दुसरीने पाहावे, न जमल्यास पुन्हा विचारावे, असे ते काम चालले असणार. परिषद आटोपून त्या स्त्रिया नव्या नेसणीतच आपापल्या गावांच्या वाटेस लागल्या.