महोगनी : नाव एक, झाडं अनेक

'महोगनी' हा शब्द आपण बहुतेक वेळा झाडाचं नाव म्हणून ऐकतच नाही. तो एक रंग असतो, केसांच्या डायच्या खोक्यावरचा किंवा लॅमिनेटच्या कॅटलॉगमधला. अलीकडे तो आणखी एका ठिकाणी भेटतो : "आफ्रिकन महोगनी लावा, एकरी कोट्यधीश व्हा" छापाच्या जाहिरातींत. गावाकडे दोन-चार एकर असलेल्या बहुतेक आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती येऊन गेलेली असते. म्हणून या वीकांताला महोगनीचा थोडा इतिहास.

तर पहिली गंमत म्हणजे मूळ महोगनी आफ्रिकेची नाहीच. ती कॅरिबियन बेटांवरची, शास्त्रीय नाव स्विटेनिया महागोनी. कूळ निंबाचं, म्हणजे आपल्या कडुनिंबाची लांबची बहीण. १७२१ साली ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकातली महोगनी इंग्लंडात धो धो येऊ लागली. रुंद फळ्या, वाळल्यावर सहसा न वाकणारं, कोरीवकामाला उत्तम, पॉलिश केलं की लालसर झळकणारं लाकूड! १७५४ मध्ये थॉमस चिपेन्डेलने फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, तोवर श्रीमंतांच्या खुर्च्या-टेबलांत महोगनीचा चांगलाच बोलबाला झाला होता.

जमैकातली सोयीची झाडं संपत आली तशी कुऱ्हाड पुढे सरकली, आजच्या बेलीझकडे. इथली महोगनी वेगळ्या जातीची, मोठ्या पानांची. नाव मात्र तेच राहिलं. ही झाडं जंगलात एका जागी नसतात, विखुरलेली असतात. त्यामुळे प्रत्येक टोळीत एक 'हंट्समन' असायचा. ऑगस्टच्या सुमारास महोगनीची पानं पिवळसर-तांबूस दिसतात. हा उंच झाडावर चढून सगळ्या हिरव्यात तेवढा रंग हेरायचा. मग मचाण बांधून, बुंध्याच्या फुगीर भागाच्या वर घाव घालायचे. उन्हाळ्यात बैल जुंपून ओंडके नदीपर्यंत न्यायचे, तेही रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसा बैलांना ऊन सोसायचं नाही. पाऊस आला की पुरात सोडून द्यायचे. आणि हे सगळं करणारी माणसं कोण? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली, आणि त्यांची मुलंबाळं. ही गुलामी पूर्णपणे संपायला १८३८ साल उजाडलं. बेलीझच्या झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आणि लाकूडतोडे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेची पाळी आली. एड्रियन द जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० मध्येच तिथल्या झाडांना 'खाया' अशी स्वतंत्र प्रजाती दिली होती. पण व्यापाऱ्यांना त्याच्याशी काय देणंघेणं? आजच्या घाना, आयव्हरी कोस्ट, नायजेरियाच्या किनाऱ्यांवरून लिव्हरपूलला जे ओंडके जाऊ लागले, ते विकले गेले 'आफ्रिकन महोगनी' म्हणूनच. व्हेरिएबलचं नाव तेच ठेवून आतली व्हॅल्यू बदलत राहावी, तसं :) पुढे फिलिपिन्समधलं, आपल्या सालवृक्षाच्या कुळातलं लाकूडही 'महोगनी' झालं, तेव्हा अमेरिकेत १९२० च्या दशकात तो वाद थेट फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेला.

ज्यांच्या दारात खाया होती, त्यांच्या लेखी ती निव्वळ लाकूड नव्हती. पश्चिम आफ्रिकेत खाया सेनेगालेन्सिसची कडूजहर साल तापावर देतात, कोरड्या दिवसांत फुलानी गुराखी तिच्या फांद्या छाटून गुरांना पाला घालतात आणि खोड कोरून जेंबे नावाचा ढोल करतात.

मग प्रश्न पडतो, जंगल तोडण्यापेक्षा सरळ लागवड का नाही केली? केली की! पण तिथे आडवी आली एक अळी. हिप्सिपिला नावाच्या पतंगाची ही अळी रोपाचा कोवळा शेंडाच पोखरते. झाड मरत नाही, पण फुटवे फुटून वेडंवाकडं वाढतं, आणि सरळ सोट खोड नसेल तर फळ्या कसल्या काढणार? जंगलात विखुरलेली झाडं बऱ्यापैकी निभावून जातात. एकाच जातीची शेतं लावली की अळीला मेजवानी. त्यामुळे अमेरिकेतली महोगनी अमेरिकेत आणि आफ्रिकेतली आफ्रिकेत लावणंच अवघड होऊन बसलं. उलट दूरच्या फिजीत ती हजारो हेक्टरांवर फोफावली. इतकी, की लाकूड विकायचं कंत्राट कोणाला द्यायचं हा राजकारणाचा विषय झाला. मे २००० मध्ये महेंद्र चौधरींच्या सरकारला ५६ दिवस ओलीस ठेवणारा जॉर्ज स्पाइट आधी तिथल्या सरकारी हार्डवुड कंपनीचा अध्यक्ष होता, आणि चौधरी सरकारनेच त्याला काढलं होतं. बंडाची कारणं इतरही होती, पण महोगनी त्यात होती.

भारतात महोगनी आली १७९५ मध्ये, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात, आणि ती वेस्ट इंडीजची होती. खाया नंतरची. आज दोन्हींची रोपं एकाच नावाने विकली जातात. हिप्सिपिलाची आशियाई जात आपल्याकडे आहेच. तूणीच्या झाडांना ती जुनी ओळखीची.

आणि झाडं दाखवून पैसे गोळा करण्याचा खेळही नवा नाही. १९९० च्या दशकात सागवानाच्या योजनांत आपल्या आधीच्या पिढीने पैसे घातले, त्यातल्या कित्येकांचे बुडाले. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले, पण गेलेले पैसे थोडेच परत येतात? ऑस्ट्रेलियात करसवलतींवर उभ्या राहिलेल्या मोठ्या लागवड कंपन्या २००९ मध्ये कोसळल्या.

याचा अर्थ महोगनी लावूच नये असा नाही. जंगलातली खाया खरंच कमी होत चालली आहे. २०२२ मध्ये तिचा आफ्रिकेतला व्यापार 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आणायचं ठरलं. लागवडीचं लाकूड लागणारच आहे. फक्त सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा : शास्त्रीय नाव काय? शेंडा पोखरला गेला तर पहिली चार-पाच वर्षं छाटणी कोण करणार? आणि वीस-पंचवीस वर्षांनी हे लाकूड कोण, कुठल्या दराने घेणार, हे लेखी आहे का? कोवळ्या झाडात रंगीत गाभा कमी आणि फिकट लाकूड जास्त असतं, तेव्हा "दहा-बारा वर्षांत तयार" हे वाक्य ऐकलं की चौथा प्रश्न विचारायचीही गरज नाही.