सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

सन 1901 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने औगुस्ट डेटर या आपल्या 51 वर्षांच्या पत्नीस मनोरुग्णालयात दाखल केले. पतीचे नाव विचारता ती स्वतःचेच नाव सांगे. 1906 मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि 1910 मध्ये त्या व्याधीस त्यांचे नाव मिळाले. इतिहासाने वैद्यास व रुग्णेस अमर केले. तिला घरी सांभाळणाऱ्या पतीच्या वाट्यास जेमतेम एखादी ओळ आली.

आपल्याकडेही तीच उणीव आहे. डहाणू-तलासरीकडे स्मृतिभ्रंशास ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. कोणी भगताकडे धाव घेतो. 2013 मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली. तरुण मंडळी भल्या पहाटे मुंबईकडे जातात, तलासरीची वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. घरी उरतात दोन वृद्ध जीव: एक सारे विसरलेला, दुसरी त्याला राखणारी. एकच प्रश्न दिवसभर ऐकायचा, रात्री दार उघडून निघालेल्यास परत आणायचे, वर चोरीचा आळही सोसायचा. तिला राग येतो, मग त्या रागाची टोचणी लागते. झोप उडते, मिस्सेला येणे सुटते. आम्ही तिच्या पतीची विचारपूस करतो, तिची क्वचितच.

भारतात या प्रश्नास वाहिलेली राष्ट्रीय संस्था 1992 मध्ये केरळात जन्मली. पुढे गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांत एक प्रयोग केला. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभर शिकवून घरोघरी पाठविले. पंधरवड्यातून निदान एकदा, असे सहा महिने ते जात. आजार समजावीत, रुग्णाला हाताळण्याच्या युक्त्या सांगत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत, गरज पडल्यास डॉक्टरांकडे धाडीत. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्याकडे कार्यकर्ते जात होते, त्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारले होते. रुग्णाचा आजार तोच राहिला, पण घर सावरले.

वाचकहो, ख्रिस्तसभेला ही रीत नवी नाही. 1833 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा पायाच घरभेट हा आहे. आपल्या धर्मग्रामातही आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेला जातो. त्याच वेळी दोन तास रुग्णापाशी कोणी बसले, तर ती माउली थोडी निजेल, मिस्सेला येईल, बाजारात जाईल. मन फारच खचले असेल, तर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक तिला लावून द्यावा.

सुखात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन तिने वेदीसमोर दिले होते. ते ती पाळीत आहे. त्या वचनास साक्षी असलेले आपण सारे तिचे देणे लागतो. येत्या रविवारी मिस्सेला कोण येईनासे झाले आहे, हे आधी पाहू या, आणि त्यांचे दार ठोठावू या.