मक्याची भुकटी आणि बर्फाचं बीज

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण सगळेच शाळेत शिकलो. हे अर्धसत्य आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो हे नक्की. पण अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतात. गोठायचं तर पाण्याच्या रेणूंना आधी स्फटिकासारखं रांगेत उभं राहावं लागतं, आणि ती पहिली रांग लावून द्यायला कुणीतरी लागतं. धुळीचा कण चालतो, सिल्व्हर आयोडाइड चालतं. पण या कामात सगळ्यात पटाईत निघाला एक जिवाणू. आणि त्याचा माग लागला तो मक्याच्या शेतात!

१९६१ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले पॉल हॉप मक्यावरच्या एका बुरशीजन्य रोगाचा अभ्यास करत होते. रोगट पानं वाळवायची, त्यांची भुकटी करायची आणि पुढच्या हंगामात ती मक्यावर टाकायची, अशी त्यांची पद्धत. त्या वर्षी अचानक तापमान शून्याखाली गेलं. गंमत म्हणजे भुकटी टाकलेला मकाच तेवढा गोठून करपला, बाकीचा ठणठणीत. असं का, हे कुणालाच सांगता येईना.

उत्तर मिळायला १९७०चं दशक उजाडलं. वायोमिंगमध्ये रसेल श्नेल आणि गाबोर वाली यांना कुजक्या पानांत बर्फाची बीजं सापडली. तिकडे विस्कॉन्सिनमध्ये स्टीव्हन लिंडो या विद्यार्थ्याने आर्नी आणि अपर यांच्याबरोबर भुकटीतला गुन्हेगार पकडला. दोन्ही वाटा एकाच नावापाशी पोचल्या: स्यूडोमोनास सिरिंजी. पानावर राहणारा साधा जिवाणू.

त्याचं हत्यार म्हणजे पेशीच्या बाह्य पटलावरचं एक प्रथिन. १९८५ साली त्याचं जनुक वाचलं गेलं. सुमारे १,२०० अमिनो आम्लांची साखळी, आणि तिचा बराचसा भाग म्हणजे १६ अमिनो आम्लांचा जवळपास तोच तुकडा पुन्हा पुन्हा! या एकसारख्या नक्षीवर पाण्याचे रेणू बर्फासारखे मांडले जातात. एकट्या प्रथिनाचं फारसं चालत नाही. पुष्कळ प्रथिनं एकत्र आली की मात्र उणे २ अंशांनाही पाणी गोठतं. बर्फाने पानाच्या पेशी फुटतात आणि आतलं अन्न जिवाणूला आयतं मिळतं.

मग हे जनुकच काढून टाकलं तर? लिंडो यांनी बर्कलीत तेच केलं. असा 'निःशस्त्र' जिवाणू आधीच पानावर फवारायचा, म्हणजे मूळ जिवाणूला जागाच उरत नाही. कल्पना सरळ होती, पण मामला कोर्टात गेला. जेरेमी रिफकिन यांनी दावा लावला आणि १९८४ साली न्यायाधीश सिरिका यांनी प्रयोग रोखला. हे जिवाणू ढगांपर्यंत पोचतात, मग त्यांत फेरफार केल्यावर पावसाचं काय, असा विरोधकांचा एक प्रश्न होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुसरी बाजूही तितकीच खरी: यात बाहेरचं जनुक घातलेलं नव्हतं, होतं तेच काढलं होतं.

अखेर २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुडला स्ट्रॉबेरीच्या शेतात फवारणी झाली. आदल्या रात्री विरोधकांनी रोपं उपटून टाकली होती. फवारणाऱ्या संशोधिकेच्या अंगावर अंतराळवीरासारखा पोशाख होता. तो सुरक्षेसाठी होता, पण फोटो बघणाऱ्याच्या मनात भीतीच बसली असणार. जनुकीय बदल केलेला जिवाणू रीतसर परवानगीने उघड्यावर सोडण्याची ही पहिली वेळ.

चाचण्यांत गोठण्याचं नुकसान कमी झालं, तरी ते उत्पादन बाजारात आलंच नाही. उलट मूळ, बर्फ करणारा जिवाणू मारून, वाळवून 'स्नोमॅक्स' नावाने विकला गेला. स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ करायला! पिकाचा शत्रू खपला, राखणदार मात्र फाइलीतच राहिला. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट सिद्ध होणं आणि लोकांनी ती आपल्या शेतात येऊ देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण आम्हाला पीएचडीत फारसं कुणी देत नाही.