बॅटरीचालित मातीकाम-यंत्रे : उष्णता व ऊर्जाकार्यक्षमता

बॅटरीवर चालणाऱ्या उत्खनक, बॅकहो लोडर, रोलर इत्यादी यंत्रांतील उष्णता मर्यादेत ठेवण्याचे व साठवलेली वीज अधिकाधिक प्रमाणात प्रत्यक्ष कामात उतरवण्याचे तंत्र. वाया गेलेल्या ऊर्जेची शेवटी उष्णताच होते, म्हणून हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये तापमान अनेकदा 40° से. ओलांडते. तलाव आटलेले असल्याने गाळ काढण्याचे कामही याच महिन्यांत चालते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही त्यासाठीची राज्य शासनाची योजना 2017 मध्ये सुरू झाली. जिल्ह्यातील मातीकाम मुख्यतः डिझेल यंत्रांवर होते. कोणत्याही कंपनीच्या बॅकहो लोडरला लोक ‘जेसीबी’च म्हणतात. जेसीबी कंपनीच्या 19सी-1ई या छोट्या विद्युत उत्खनकाला 2020 मध्ये ब्रिटनचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला.

उष्णता : डिझेल इंजिनातील शीतक सुमारे 90° से.वर असतो, त्यामुळे 42° से.ची हवाही त्याला थंड करू शकते. लिथियम-आयन बॅटरीला मात्र साधारण 15° ते 35° से. तापमान मानवते. हवाच 42° से. असेल, तर नुसत्या रेडिएटरने शीतक त्याखाली जात नाही. शीतयंत्र (चिलर) लावावे लागते आणि तेही त्याच बॅटरीची वीज खाते. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की अंतर्गत रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. म्हणून कठीण मुरूम सतत खोदताना आणि जलद चार्जिंग करताना बॅटरी अधिक तापते. तापमान वाढल्यास नियंत्रक प्रणाली शक्ती कमी करते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निकेलयुक्त बॅटरीपेक्षा अधिक उष्णता सोसते, परंतु तेवढ्याच ऊर्जेसाठी वजनाने जड असते.

कार्यक्षमता : एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे 20 किलोवॅट-तासांच्या बॅटरीतला साठा दोन लिटर डिझेलएवढाच. विद्युत मोटर 90 टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असल्याने ही तूट बरीच भरून निघते. हायड्रॉलिक यंत्रणेत मात्र ऊर्जेची मोठी गळती राहते. व्हॉल्व्हमधून दाबाखाली वाहणारे तेल तापते व ऊर्जा वाया जाते. गरजेपुरतेच तेल देणारा पंप, काम थांबताच बंद होणारी मोटर आणि बूम खाली येताना ऊर्जा परत मिळवणारी रचना, हे त्यावरचे उपाय आहेत. त्यांमुळे कामाचे तास वाढतात व शीतकरणाचा भारही हलका होतो.

वापर : काळ्या मातीच्या धुळीने रेडिएटरच्या जाळ्या बुजतात, त्या रोज साफ कराव्या लागतात. यंत्र सावलीत उभे करणे, तापलेली बॅटरी निवल्यावर चार्जिंग करणे आणि भर उन्हातले जड काम पहाटेकडे वळवणे उपयुक्त ठरते. बीडसारख्या जिल्ह्यासाठी यंत्र निवडताना बॅटरीच्या क्षमतेइतकेच महत्त्व शीतकरणाच्या व हायड्रॉलिक यंत्रणेच्या गुणवत्तेला द्यावे लागते.