लाल औषध आणि भुकेचं संप्रेरक

अम्मीच्या पहिल्या केमोच्या दिवशी नर्सने सलाईनच्या नळीतून लाल औषध सोडायला सुरुवात केली, तेव्हा खाला म्हणाली, "हे तर रूह अफजासारखं दिसतंय!" अम्मीही हसली. मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. गाठ स्तनात, मग डॉक्टरांनी आधी हृदयाची टूडी इको का करायला लावली? उत्तर शोधताना मी थेट इटलीत पोहोचलो.

दक्षिण इटलीतल्या अपुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. तो बांधला सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने. त्याच फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांना तिथून हलवून अपुलियातल्या लुचेरा गावी वसवलं होतं. ती वस्ती १३०० साली मोडून टाकण्यात आली. पुढे साडेसहाशे वर्षांनी, १९५०च्या दशकात, या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत फार्मइटालिया कंपनीच्या संशोधकांना एक जिवाणू सापडला. तो गडद लाल द्रव्य तयार करत होता. त्यातून मिळालेल्या औषधाला तिथल्या प्राचीन दाउनी जमातीवरून डाउनोरुबिसिन हे नाव मिळालं. नावातला 'रुबि' म्हणजे माणिक.

रक्ताच्या कर्करोगावर ते चाललं. पण १९६७च्या सुमारास लक्षात आलं की काही रुग्णांचं हृदयच निकामी होतंय. मग त्या जिवाणूत बदल घडवून १९६९मध्ये नवं औषध काढलं गेलं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव पडलं अ‍ॅड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन. अम्मीचं लाल औषध ते हेच. ते अनेक प्रकारच्या गाठींवर चाललं, पण हृदयाचा धोका काही गेला नाही.

धोका किती, हे कळायलाही वेळ लागला. हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर मोजतात आणि सगळ्या केमोंची बेरीज ठेवतात. १९७९मध्ये ४,०१८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बेरीज ५५० मिलिग्रॅमपर्यंत गेलेल्यांपैकी ७ टक्क्यांचं हृदय निकामी होतं, असा अंदाज निघाला. २००३च्या अभ्यासात त्याच मात्रेला हा आकडा २६ टक्के आला. म्हणून आज डॉक्टर बेरीज बरीच कमी ठेवतात आणि इको करत राहतात. हृदय वाचवणारं डेक्सराझोक्सेन हे औषधही आहे. अमेरिकेत त्याला १९९५मध्ये मान्यता मिळाली, पण ते सगळ्यांना देत नाहीत.

आता संप्रेरकाची गोष्ट. १९९६मध्ये शास्त्रज्ञांना पेशींवरचं एक कुलूप सापडलं होतं. प्रयोगशाळेत बनवलेली काही द्रव्यं त्यात बसत आणि शरीरात वाढीचं संप्रेरक स्रवू लागे. पण शरीराची स्वतःची किल्ली कोणती, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९९९मध्ये जपानचे मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांना ती मिळाली, आणि तीही मेंदूत नाही, उंदराच्या जठरात! तिचं नाव घ्रेलिन. पोट रिकामं झालं की रक्तात ते वाढतं आणि भूक लागते. ते कुलूप हृदयातही आहे, हे कळल्यावर प्रयोग सुरू झाले. डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांना घ्रेलिन टोचलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या पेशी कमी मेल्या.

इथवर वाचून मीही हरखलो होतो. पण रमजानच्या तोंडावर खालाच्या मोबाइलवर एक मेसेज आला: भुकेचं हार्मोन केमोपासून हृदय वाचवतं. खाला म्हणाली, "बघ, रोज्यात किती हिकमत आहे! आपाला ठेवू दे की रोजे."

मी तिला समजावलं, "खाला, उंदरांना ते बाहेरून, मोजून टोचलं होतं. उपाशी माणसाच्या पोटात जे वाढतं, त्याने हृदय वाचतं असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय ते वाढीचं संप्रेरक जागं करतं. गाठ असलेल्या माणसाला ते द्यायचं तर ती गाठच वाढणार नाही ना, हे आधी बघावं लागतं. माणसांसाठी हा अजून मान्य उपचार नाही."

खाला गप्प झाली. तिचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे असे मेसेज दीन आणि विज्ञान दोघांचं नाव घेऊन येतात, म्हणून त्यांच्यावर पटकन विश्वास बसतो. पण या लाल औषधाचाच इतिहास बघा. अनेक वर्षं वापरात असलेल्या औषधाचा धोकासुद्धा आधी वाटला त्याहून कितीतरी मोठा निघाला, आणि तो कळला तो रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्यामुळे. घ्रेलिनलाही याच वाटेने जावं लागेल. ते पार पडलं तर मला आनंदच होईल.

शेवटचा शब्द अम्मीचा होता. "आजाऱ्याला अल्लाहने सूट दिलीय, ती मी का नाकारू? बरी झाले की कजा रोजे ठेवीन."

मग ती मला म्हणाली, "सोमवारी इको आहे ना? फाइल आत्ताच पिशवीत ठेव."